धावपट्टीखालचं बिल

पनवेल,
ता. १६ जानेवारी २०२६

चि. रंजिता हिस आजी कमळाबाईचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे सगळे खुशाल, फक्त मी रागात आहे. तुझी खुशाली कळवायची गरज नाही, ती काल फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळली.

तू म्हणशील, फोन सोडून म्हातारीला पत्राचं काय खूळ सुचलं. अगं, फोन म्हणजे त्याच लोकांची वायर. माझा राग मी त्यांच्या वायरीतून पाठवला तर त्याचंही बिल तुझ्या नावावर चढवतील. त्यापेक्षा पोस्टमन बरा, एकदा तिकीट लावलं की पुन्हा तोंड दाखवत नाही. म्हणून मी सांगते आणि तुझी वहिनी दिपिका लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला राग येत नाही. दोघींचं मिळून एक पत्र होतं. ती माझं बोलणं धुऊन इस्त्री करून कागदावर घालते. शिव्या आल्या की मात्र त्या चुरगळलेल्याच ठेव, असं बजावलंय.

बँकेनं तुला काय सांगितलं ते मी दिपिकाकडून नीट समजून घेतलं. तुमच्या पिढीत म्हणे प्रत्येकाच्या नावाची एक फाइल असते आणि कुणी कुणाचं किती थकवलं ते तीत लिहिलेलं असतं. आमच्या वेळी हे काम नाक्यावरचा वाणी करायचा, पण तो निदान तोंडावर बोलायचा. तुझ्या फाइलीत लिहिलंय की तू गावच्या घरातल्या इंटरनेटचे तीन हजार आठशे बेचाळीस रुपये बुडवलेस. म्हणून सुकापूरच्या फ्लॅटला कर्ज नाही. नर्सच्या पगारातून काडी काडी जमवून पोरीनं स्वतःच्या नावाचं घर बघितलं, खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो, बिल्डर पाडव्यापर्यंत थांबायला तयार आहे, आणि मध्ये हे मेलं बिल आडवं!

आता मी काय सांगते ते ऐक. गाव विमानतळाला गेलं आणि आपलं घर पाडलं, त्या दिवशी तू परीक्षेला होतीस, दारात मी उभी होते. देव टोपलीत बसवले होते, उंबरठा उपटून टेम्पोत घातला होता. त्या दिवशी आपल्या दारातून ज्यानं ज्यानं काही नेलं, त्याच्या हातावर मी नारळ ठेवला. घर मोडताना कुणाला रिकाम्या हातानं लावू नये. विजेचा मीटर काढणाऱ्याला दिला, भंगारवाल्याला दिला, आणि तुझा तो इंटरनेटचा डबा न्यायला आलेल्या पोरालाही दिला. तो म्हणाला, आजी, नारळ कशाला, मी कंपनीचा माणूस. मी म्हणाले, ने, तुझ्या कंपनीला चटणीला होईल.

म्हणजे डबा गेला, वायर गेली, भिंती गेल्या. बिल तेवढं उभं राहिलं. पुढं कितीतरी महिने त्या उघड्या मातीवर तुझ्या नावानं इंटरनेट चालू होतं म्हणे. बघत कोण होतं? बेडूक? आता तिथं विमानं उतरतात. त्यांनी वापरलं असेल तर त्यांच्याकडून घ्या!

एक पैसा भरायचा नाय. आमी जमीन दिली, घर दिलं, आता अब्रू पण द्यायची का मेल्यांना?

कळावे. लोभ आहेच, तो थकत नाही आणि बुडतही नाही.

तुझी आजी,
कमळाबाई (अंगठा)

ता. क. रंजिता, शाई सापडली नाही म्हणून आजींचा अंगठा काजळाचा आहे. शेवटच्या परिच्छेदात आणखी दोन ओळी होत्या, पण पत्र पोस्टातून जाणार असल्यानं मी लिहिल्या नाहीत. – दिपिका


नाशिक,
ता. २७ जानेवारी २०२६

ती. आजीस रंजिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाइट ड्यूटीला वाचलं आणि बेडूक वाचून इतकी हसले की पेशंट जागा झाला. मग रडले. ते त्याला कळलं नाही.

आजी, मी गप्प बसलेली नाही. फाइल ठेवणाऱ्या कंपनीकडे ही नोंद चुकीची असल्याची हरकत ऑनलाइन घातली आहे. ते आता फोन कंपनीला विचारतील आणि महिन्याभरात कळवतील. फोन कंपनीच्या कस्टमर केअरलाही फोन लावते. आधी गाणं ऐकवतात. मग एक मुलगी विचारते की घर पाडलं जाणार आहे ही तक्रार तुम्ही ॲपवर का नोंदवली नाही. मी म्हटलं, कनेक्शन बंद करायला मी फोन केला होता, म्हणून तर तुमचा माणूस डबा घेऊन गेला. ती म्हणाली, सिस्टिममध्ये डबा परत आलेला दिसत नाही. पुन्हा गाणं. मी दिवसभर माणसांच्या शिरा शोधते, मला सापडतात; या कंपनीची शीर मात्र सापडत नाही.

खरं सांगू? मला भरून टाकावंसं वाटतं. बँकेतले साहेब म्हणाले की हल्ली पैसे भरून मिटवून टाकतात सगळे. पण मी खोदून विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की तसं केलं की फाइलीत ‘तडजोड’ असा शेरा राहतो आणि तोही डागच. म्हणजे न केलेल्या चोरीचा दंड भरायचा आणि वर चोर म्हणूनच राहायचं. हे ऐकून मात्र मला तुझ्याइतकाच राग आला. जूनपासून पनवेलच्या हॉस्पिटलात रुजू व्हायचंय. तोवर घर हवं, आणि ते भाड्याचं नको, माझं हवं.

एक काम कर. घर रिकामं करून ताब्यात दिल्याचा दाखला केतनदादाच्या कपाटात असेल, त्याची प्रत काढून पाठव. त्यावर तारीख आहे. दिपिकावहिनीला माझ्याकडून एक शाईची डबी घेऊन दे.

तुझी माया अशीच चक्रवाढ व्याजानं वाढत राहो.

तुझी,
रंजिता


पनवेल,
ता. ६ फेब्रुवारी २०२६

चि. रंजिता हिस आजीचे आशीर्वाद, आणि ज्यांना हवेत त्यांना शिव्याशाप.

वि. वि. दाखल्याची प्रत या पत्रात घातली आहे. पण नुसता कागद पाठवून माझं पोट भरलं नाही. परवा मी दिपिकाला घेऊन त्या कंपनीच्या पनवेलच्या दुकानात गेले. आत शिरल्या शिरल्या काळोख्या कोपऱ्यातलं मशीन नंबराची चिठ्ठी देतं. मला नंबर वाचता येत नाही, म्हणून ज्याचा नंबर यायचा त्याच्या आधी मीच उठायचे. दोनदा ओरडा झाला, तिसऱ्यांदा लोकच म्हणाले, आजीला सोडा.

काउंटरवर कोवळी पोरगी. मला मॅम म्हणाली. एवढ्या आयुष्यात मला कुणी मॅम म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं तेही पैसे मागताना. दिपिकानं तिला म्हटलं की कनेक्शनचा पत्ता जरा नकाशावर घालून बघा. पोरीनं घातला. बघते तर काय, निळी टिकली बरोबर धावपट्टीवर! ती हसायला लागली. तेवढ्यात मागून तिचा साहेब आला, टाय बांधलेला, मान न हलवता बोलणारा. तो म्हणाला की पत्ता व्हॅलिड आहे. मी म्हणाले, अरे बाळा, तिथं माणसानं पाय ठेवला तर बंदूकवाले धरतील. तर म्हणतो, सिस्टिममध्ये ॲक्टिव्ह आहे.

मग मी पिशवीतून नारळ काढून त्याच्या काउंटरवर ठेवला. म्हणाले, असा एक नारळ घेऊन तुमचा माणूस आमचा डबा घेऊन गेलाय. त्याला शोधा. तो तुमाला ओळखणार नाय, पण नारळ ओळखंल. साहेबानं नारळ उचलायला शिपाई बोलावला. शिपाई आपल्या बाजूच्या गावचा निघाला, नारळाला हात लावीना. म्हणाला, देवाचा आहे का ते आधी विचारा. मी बाकड्यावर मांडी घालून बसले. दुकान बंद होईपर्यंत तो नारळ तिथंच होता.

जाताना तुळशीराम भावजींना, तुझ्या धाकट्या आजोबांना, चला म्हटलं होतं. गावदेवीच्या देवळाचे अध्यक्ष, चार माणसांत बोलणारा माणूस, मागे उभे राहिले असते तर साहेबाची मान जरा हलली असती. पण त्यांना नेमका त्याच दिवशी गुडघा. वर मला म्हणतात, वहिनी, एवढ्याशासाठी घराचं नाव चव्हाट्यावर कशाला आणता, मी भरून टाकतो गुपचूप. मी सांगितलं, तुम्ही भरलंत तर मी तुमच्या दारात येऊन बसेन आणि गुपचूप बसणार नाही.

कळावे. राग माझ्यावर सोड, झोप तू घे. माया करतेस तशीच करत जा.

आजी,
कमळाबाई (अंगठा, या वेळी शाईचा)


नाशिक,
ता. १८ फेब्रुवारी २०२६

ती. आजीस रंजिताचा नमस्कार. साष्टांग घालण्याइतकं त्राण आज अंगात नाही.

हरकत फेटाळली. दाखला मागाहून जोडला होता, तारीख होती, सगळं होतं. फोन कंपनीनं उत्तर दिलंय की १२ मे २०२२ रोजी पनवेल येथे या बाकीपोटी ग्राहकाने पाचशे रुपये रोख भरले, त्याअर्थी बाकी ग्राहकास मान्य आहे.

आजी, मी पाचशे रुपये भरलेले नाहीत. त्या वेळी ही बाकी आहे हेच मला माहीत नव्हतं. केतनदादाला विचारलं, तो देवाशपथ नाही म्हणतो. आई गेल्यापासून माझ्या बाजूनं घरात बोलणारी तूच, आणि कमरेच्या चंचीत पाचशेची नोट बाळगणारीही तूच. कुणी दारात येऊन माझं नाव घेतलं आणि तू घाबरून दिलेस का? तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही.

खोटं कशाला लिहू, रागावणार आहे. महिनाभर तू मला एक पैसा भरू नकोस म्हणून बजावतेस, आणि इथं कागदावर दिसतंय की आपल्याच कुणीतरी आधीच भरून माझ्या गळ्यात चोराची पाटी अडकवलीय. फॉर्म भरून, फोन करून, गाणी ऐकून मी दमले आहे. बिल्डरनं काल पुन्हा पाडव्याची आठवण दिली.

लगेच उत्तर दे.

रंजिता


पनवेल,
ता. २६ फेब्रुवारी २०२६

चि. रंजिता हिस आशीर्वाद. तू मागितले नाहीस तरी देते.

तुझं पत्र दिपिकानं वाचून दाखवलं आणि मधल्या ओळीवर आली तेव्हा थांबली. मी म्हणाले, वाच. वाचलं तिनं.

मी दिले नाय. गावदेवीच्या पायाला हात लावून सांगते, मी दिले नाय. तू मला विचारलंस त्याचं वाईट वाटलं, पण विचारलंस तरी. न विचारता मनात ठेवलं असतंस तर जास्त वाईट वाटलं असतं. ही ओळ लक्षात ठेव, पुढं लागेल.

आता रडणं बंद. कंपनीनं सांगितलेली तारीख दिपिकानं वाचली आणि ती तोंडावर हात ठेवून उठलीच. ती तारीख म्हणजे तिच्या आणि केतनच्या हळदीची! आणि मला तो माणूस आठवला गं. काळी पिशवी, घामानं डबडबलेला, मांडवाच्या कडेला उभा. मला वाटलं दिपिकाच्या माहेरचा. दिपिकाच्या भावाला वाटलं आपल्याकडचा. दोन्हीकडून आग्रह झाला त्याला. मी स्वतः त्याच्या पानात दोनदा मटण वाढलं, तांदळाची भाकरी गरम घाला म्हणून ओरडले. वर विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? तो मेला म्हणाला, बरे आहेत. वसुलीला आलेला माणूस आमच्याच मांडवात जेवून, ढेकर देऊन, आमचेच पैसे खिशात घालून गेला! चार वर्षांपूर्वीचं ते मटण मला आज घशाशी आलंय.

पैसे कुणी दिले? मांडवाच्या दाराशी आल्यागेल्याला या म्हणायला कोण उभं होतं, ते मला चांगलं आठवतं. दिपिका लेखणी घेऊन बसली आहे, पण मी नाव सांगत नाही. माणूस म्हातारा झाला की त्याला स्वतःच्या पायानं चालत यायची एक संधी द्यावी. होळीपर्यंत मुदत देते. कंपनी एवढीसुद्धा देत नाही.

शिमग्याला आपल्याकडं होळीपुढं कुणाच्याही नावानं बोंब मारता येते आणि त्याचा राग कुणी धरायचा नसतो, हे तू शहरात जाऊन विसरली नसशील. मी माझा घसा आत्तापासून सांभाळते आहे. लवंग चघळते.

कळावे. तुझ्या शंकेसकट तुझ्यावर लोभ आहे.

आजी,
कमळाबाई (अंगठा)


पनवेल,
ता. ५ मार्च २०२६

चि. रंजिता महादेव हिस तुळशीराम काशीराम यांचा आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, समोर बोलणे मला जमणार नाही.

परवा होळी झाली. पुरण दाखवून झाल्यावर वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी फोन कंपनीच्या नावाने बोंब मारली. सगळ्या वस्तीने साथ दिली. पोरांना तर मौजच वाटली. मग वहिनींनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि म्हणाल्या की आता दुसरी. ज्याने आमच्या पोरीला एका शब्दाने न विचारता पिशवीवाल्याच्या हातावर पैसे ठेवले, त्याच्या नावाने. सगळ्यांनी बोंब मारली. मीही मारली. स्वतःच्याच नावाने बोंब मारताना माणसाचा आवाज कसा येतो, ते मला या वयात कळले.

पैसे मी दिले. हळदीच्या दिवशी तो माणूस मांडवाच्या दाराशी आला आणि तुझे नाव घेऊन मोठ्याने म्हणाला की हिचे पैसे थकले आहेत. समोरून मुलीकडची मंडळी येत होती. मला वाटले, हे ऐकतील, मग म्हणतील की या घरच्या पोरी उधारी करतात. मी त्याला बाजूला घेतले, पाचशेची नोट दिली, जेवून जा आणि पुन्हा येऊ नको म्हणालो. त्याने तुझ्या नावाची पावती फाडली. ती मी तिथेच फाडून चुलीत टाकली. मला वाटले, तुझी लाज झाकली.

तुला विचारले नाही. तुझा बाप महादेव जिवंत असता तर त्याला विचारले असते. तुला विचारावे हे डोक्यातच आले नाही. वहिनी आज म्हणाल्या की भावजी, परक्या माणसाच्या पिशवीवर विश्वास ठेवलात आणि आपल्या पोरीवर नाही.

सोबत पाचशेच्या मुद्रांक कागदावर लिहून सही केली आहे की ते पैसे मी स्वतःहून दिले, तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आणि तुला त्याची कल्पना नव्हती. वकिलाने ते ठीक आहे म्हटले. फ्लॅटला जे कमी पडेल ते मी देतो.

कळावे. लोभ असावा असे लिहिण्याचा हक्क उरला आहे की नाही, ते तू ठरव.

तुळशीराम


नाशिक,
ता. १२ मार्च २०२६

ती. धाकट्या आजोबांस न. वि. वि.

कागद मिळाला. त्याच दिवशी नवी हरकत घातली आणि तो जोडला. त्याबद्दल आभार.

पैसे नकोत. मला घर घ्यायला नाही, माझं नाव परत मिळवायला तुमची गरज होती.

या चार वर्षांत मी सुट्टीला आले की तुम्ही माझ्याशी तुटक बोलायचात. मला वाटायचं, मी लग्न करत नाही म्हणून. मी दर वेळी तुमच्यासाठी नाशिकचा चिवडा आणायचे, तो तुम्ही न बघता आत द्यायचात. आज कळलं की तुमच्या मनात मी पैसे बुडवणारी होते. माझ्यावर खटला चालला, शिक्षाही झाली, आणि मला साधी नोटीससुद्धा मिळाली नाही. कंपनीनं माझ्याशी जे केलं तेच तुम्ही केलंत, फक्त तिला माझा चेहरा माहीत नव्हता.

त्या माणसाला तुम्ही ताट दिलंत. मला एक प्रश्न दिला असतात तर पुरला असता.

आज याहून जास्त लिहवत नाही. गुडघ्याला बर्फ नको, गरम पाण्याचा शेक घ्या.

रंजिता


नाशिक,
ता. ८ एप्रिल २०२६

ती. आजीस रंजिताचा शि. सा. न., या वेळी खराखुरा साष्टांग.

निघाली! नोंद निघाली, आजी! आज सकाळी फाइल पाहिली, माझं नाव स्वच्छ आहे.

पण गंमत ऐक, म्हणजे तुझा रक्तदाब जरा हलेल. आधी कंपनीचा फोन आला की सद्भावना म्हणून तुमची बाकी माफ करत आहोत, फक्त ‘हो’ म्हणा. मी म्हटलं, माफ कशाला, मी काही केलेलंच नाही. ती मुलगी म्हणाली, मॅडम, फ्री आहे. मी ‘हो’ म्हटलं असतं तर फाइलीत माफ केलेली बाकी म्हणून राहिलीच असती. मी नाही म्हटलं आणि लेखी मागितलं. त्यावर दोन आठवडे शांतता. मग एका ओळीचा मेल आला की नोंद अद्ययावत करण्यात आली आहे. चूक झाली, असं कुठेही नाही. क्षमस्व हा शब्द त्यांच्या सिस्टिममध्ये नसावा.

पाडवा मात्र टळून गेला होता. डोंगरवाला फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. त्या बातमीनंतर मी ड्यूटीवर एका डॉक्टरवर उगाच ओरडले, नंतर त्यांची माफी मागितली. बघ, मला मागता येते. आता त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूचा मिळतो आहे. बँकेतल्या साहेबांनी फोनवर कर्जाला हो म्हटलं. खिडकीतून डोंगर नाही, विमानं दिसतात. खाली खाली येत येत कुठं उतरतात ते तुला सांगायला नको. आधी वाटलं, नको हे रोज बघायला. मग वाटलं, बघेन. आपलं घर कुठं होतं हे लक्षात ठेवणारं एक तरी माणूस खिडकीत असावं.

वास्तू मेमध्ये करू. धाकट्या आजोबांना सांग की त्या दिवशी दाराशी त्यांनीच उभं राहायचं. आल्यागेल्याला या म्हणायचं. आणि कुणी पिशवी घेऊन माझं नाव काढत आला, तर आधी मला हाक मारायची.

राग पुरता गेलेला नाही. पण दारात उभं करायला मला दुसरं कुणी सुचलं नाही.

तुझ्या शिव्यांवर आणि मायेवर माझा सारखाच हक्क राहू दे.

तुझी,
रंजिता


पनवेल,
ता. १७ एप्रिल २०२६

चि. रंजिता, स्वतःच्या घराची मालकीण, हिस आजीचे आशीर्वाद.

वि. वि. पत्र ऐकून मी दिपिकाला म्हणाले, पुन्हा वाच. मग केतन आला तेव्हा पुन्हा. मग तुळशीराम भावजींना बोलावून घेतलं आणि वास्तूचा परिच्छेद त्यांच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतला. मला येत नाही, त्यांना येतं, येणाऱ्यानं वाचावं. वाचताना मध्येच थांबले. चष्म्याला नावं ठेवली, दिपिकाच्या अक्षराला नावं ठेवली. अक्षर तुझं होतं. मग पायांकडे बघत मला विचारतात, वहिनी, फेटा बांधू का? मी म्हणाले, फेटा नको, कान उघडे ठेवा.

त्यांनी एक काम आपणहून मागून घेतलंय. गावच्या घराचा उपटून आणलेला उंबरठा केतननं इथं ग्रॅनाइट लावल्यापासून माडीवर पडून होता. तो तुझ्या दाराला बसवायचा. तुमच्या लिफ्टमध्ये मावणार नाही, जिन्यानंच न्यावा लागेल. भावजी म्हणतात, मी नेतो. तुझ्याकडून आलेल्या सल्ल्यानं गुडघा शेकत बसलेले असतात रोज सकाळी. मी मदत करा म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. वर येईपर्यंत त्यांना विचार करायला प्रत्येक पायरी मोकळी असू दे.

आता त्या कंपनीचं. अद्ययावत! हा शब्द मी दिपिकाकडून घोकून घेतलाय. म्हणजे माझ्या पोरीचा डोंगर गेला, महिन्यांची झोप गेली, घरात माणसामाणसांत चार वर्षं कुसळ राहिलं, आणि यांचं काय झालं, तर अद्ययावत झालं! पुढच्या शिमग्याला घसा मोकळा आहे, हे त्यांना कुणीतरी कळवा. पोस्टानं कळवा. सिस्टिममध्ये दिसणार नाही.

तुझ्या वास्तूला मी येताना नारळ आणीनच. त्या दिवशी जो कुणी तुझ्या दारात काही घेऊन येईल त्याच्या हातावर ठेवायला. तुझ्याकडं इंटरनेटचा डबा बसवायला पोरगं आलं तर त्यालाही देऊ, पण या वेळी त्याचं नाव विचारून, फोटो काढून. म्हातारी झाले म्हणून काय, मी पण अद्ययावत झाले.

तू भावजींना दारात उभं केलंस. मी अजून केलेलं नाही. तू शिकलेली, तुझा राग तुला लिहून संपवता येतो. माझा सांगूनच संपवावा लागतो, त्याला वेळ लागतो. वास्तूच्या दिवशी मी तो बरोबर घेऊन येईन, पण आत आणणार नाही. आपल्या जुन्या उंबरठ्याच्या बाहेर काढून ठेवीन, चपलांशेजारी. जेवण झालं, विमान बघून झालं, की जाताना बघू. राहिला असेल तर घालून जाईन. कुणी उचलून नेला असेल तर अनवाणी जाईन, माझी काही हरकत नाय.

कळावे. लोभ तुझ्या नव्या पत्त्यावर येतो आहे, घरी राहा.

आजी,
कमळाबाई (अंगठा)